कासदाह (कासेला येणारी सूज) झालेल्या गाईचे दूध उकळून चालते का?

प्रश्न (गोरेगाव पूर्व) : आमच्याकडे आरे वसाहतीजवळच्या तबेल्यातून सुटे दूध येते. परवा तिथल्या एका गाईची कास लालसर, सुजलेली दिसली. "उकळले की सगळे मरते," असे मालक म्हणाले. घरात लहान मूल आहे, म्हणून विचारतो.

प्रतिसाद १ : मालकांचे म्हणणे अर्धेच खरे आहे. कासदाह बहुधा स्टॅफिलोकोकस, स्ट्रेप्टोकोकस किंवा ई. कोलाय या जिवाणूंमुळे होतो आणि ते उकळीत मरतात. पाश्चरीकरणाला तर ७२ अंश सेल्सिअस तापमान १५ सेकंद पुरते. मात्र दूध मुंबईच्या उकाड्यात किटलीत तासन्‌तास राहिले, तर स्टॅफिलोकोकस ऑरियस त्यात जे विष सोडतो ते उकळूनही टिकते आणि त्याने उलट्या होतात. उपचारासाठी सडातून सोडलेल्या प्रतिजैविकाचा अंशही उकळून भरवशाने जात नाही, त्यामुळे औषधावर लिहिलेली, दूध न वापरण्याची मुदत संपेपर्यंत त्या गाईचे दूध विकणे गैरच आहे.

प्रतिसाद २ : पहिल्या धारा काळ्या तळाच्या वाटीत काढायला सांगा, गुठळ्या किंवा पाणचटपणा लगेच दिसतो. सुप्त कासदाहात मात्र दूध अगदी स्वच्छ दिसते, तेव्हा चाचणीच हवी.

प्रतिसाद ३ : धारोष्ण दुधाचे कौतुक आपल्याकडे फार (माझ्या सासरी तर विचारूच नका!), पण ब्रुसेला हा गुरांमधला रोगजंतू कच्च्या दुधातूनही माणसात येतो. मुलाला तूर्तास पिशवीचे दूध द्यावे.