थायरॉईड आटोक्यात येतोय, मग आताच पोटऱ्यांत गोळे का?

जिनेवाली:
नमस्कार मंडळी. वय ४४, मुक्काम कराड. मार्चमध्ये ग्रेव्हज निघालं, म्हणजे थायरॉईड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करते तो आजार. वजन ७ किलो उतरलं, हात थरथरायचे, ते एक वेळ परवडलं, पण मांड्या! घर दुसऱ्या मजल्यावर, कठडा ओढत ओढत चढायचे. देवापुढं बसले की उठताना आधी पाटाला हात, मग भिंतीला. वेणी घालताना दंड भरून यायचे. थायरॉईड दाबायला कार्बिमाझोल ३० मिलिग्रॅम आणि धडधडीसाठी प्रोप्रॅनोलॉल सुरू झालं. दीड महिन्यात जिना एका दमात चढायला लागले.

आणि आता हे नवीनच. रात्री दोन-तीनला पोटरीत असा गोळा येतो की पायाचा अंगठा आपोआप वाकडा होतो. नवरा उठून पाय चोळत बसतो. परवा तर भाकरी थापता थापता तळहात आखडला, भाकरी तशीच परातीत. टीएसएच अजून ०.०१ च आहे, थायरॉईड जास्त झाला की हा आकडा खाली जातो म्हणे. म्हणजे आजार वाढतोय का?

खारी_बिस्कीट:
ताई, २०१९ मध्ये माझं सेम टु सेम. नुसत्या टीएसएचवर जाऊ नका, तो औषध सुरू झाल्यावरही कित्येक महिने दबलेलाच राहू शकतो. फ्री टी४ आणि टी३, म्हणजे रक्तातली खुद्द थायरॉईडची हार्मोन्स, कधी तपासलीत? माझा फ्री टी४ औषधानं पार तळाला गेला होता. अंगाला जास्तीची सवय झालेली, ते झपकन उतरलं की स्नायू बोंब मारतात. सीपीकेही (स्नायूंना त्रास झाला की रक्तात वाढतो तो) वाढलेला निघाला. डॉक्टरांनी डोस उतरवला, तीनेक आठवड्यांत गोळे गेले. पण मनानं गोळी कमी करू नका. तो शहाणपणा मी आधी करून बसलो होतो, धडधड परत आली.

सोलापुरी_चादर:
समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल घ्या, थायरॉईडला एकदम नैसर्गिक. सोबत रोज दोन केळी.

निवृत्त_कंपाउंडर:
अहो, शेवाळात आयोडीन ठासून भरलेलं असतं. ग्रेव्हजवाल्याला ते देणं म्हणजे चुलीत रॉकेल. केळी खा, पण पोटॅशियम, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व तपासून घ्या. केसांसाठी बायोटिन नावाचं जीवनसत्त्व चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, रिपोर्ट फसवा येतो. आणि ताई, कार्बिमाझोलवर असताना घसा दुखून ताप आला तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजून घ्या. क्वचित होतं, पण जिवावर बेततं.

जिनेवाली:
रिपोर्ट आला. फ्री टी४ ०.५, लॅबची खालची मर्यादा ०.८! सीपीके तिप्पट. डॉक्टरांनी डोस १० वर आणला, चार आठवड्यांनी परत रक्त. काल रात्री एकच गोळा आला, तोही पहाटे.

काका, शेवाळाची बाटली माझ्याकडं आधीपासून आहे हो, नणंदेनं पुण्याहून आणलेली, सील फोडलेलं नाही. ती रविवारी येतेय. काय सांगू तिला?

निवृत्त_कंपाउंडर:
संपली म्हणून सांगू नका. दुसरी आणेल.