टोल किती जमला, हे मोजायचं कुणी?

यमुनातीर:
नोकरीपायी वीसेक वर्षं दिल्लीत गेली. नोएडाला जायचं तर डीएनडी, म्हणजे दिल्ली-नोएडा डायरेक्ट, हा सव्वानऊ किलोमीटरचा खासगी पैशातून झालेला रस्ता. २००१ मध्ये तो सुरू झाला. ऑक्टोबर २०१६ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयानं टोल बंद केला आणि २० डिसेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल कायम ठेवला. टोल वाचला, आनंदच आहे. पण नोएडा प्राधिकरण आणि रस्ता बांधणारी कंपनी यांच्यातल्या १९९७ च्या करारातलं परताव्याचं कलम समजून घेतलं तेव्हा डोकं गरगरलं.

कंपनीला एकूण प्रकल्प खर्चावर दरसाल २० टक्के परतावा ठरलेला. एखाद्या वर्षी तेवढा सुटला नाही, तर जी तूट येईल ती खर्चातच मिळवायची. समजा खर्च १०० रुपये. २० मिळायला हवे होते, १२ मिळाले. मग पुढच्या वर्षी खर्च १०८ आणि परतावा २१ रुपये ६० पैसे. तेवढे तरी कुठून यायचे? की पुन्हा तूट, पुन्हा खर्चात भर. मुदत म्हणायला तीस वर्षं, पण वसुली पूर्ण होईपर्यंत ती वाढवायची सोयही करारातच. गावच्या सावकाराची वही याहून सोपी असते.

निविदा न काढता कंपनी निवडली, टोल लावायचा अधिकार नोएडा प्राधिकरणानं परस्पर तिच्या हाती दिला, या दोन्ही गोष्टींवर न्यायालयानं ठपका ठेवला. माझा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे. खर्च वसूल झाला की नाही, हे तपासायला न्यायालयाला कॅगला, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांना, पाठवावं लागलं. मार्च २०१६ पर्यंतच खर्च, देखभाल आणि वर नफा, सगळं निघालं होतं. तोवर सरकार काय करत होतं?

खातेवही:
निकाल हातात आल्यावर सगळेच शहाणे. १९९७ मध्ये त्या रस्त्यात पैसे घालायला कोण रांगेत उभं होतं? वाहनं अंदाजापेक्षा बरीच कमी आली, सुरुवातीची वर्षं कंपनी तोट्यात होती, हे तुमच्या पोस्टमध्ये कुठेच नाही. मी बँकेत प्रकल्प कर्जं पाहायचो. समितीत दोन प्रश्न ठरलेले: वाहनं आली नाहीत तर? आणि सरकार फिरलं तर? पहिल्याचं उत्तर आकड्यांत शोधता येतं. दुसऱ्याला एकच उपाय, व्याज अर्धा-पाऊण टक्का वाढवून ठेवायचं. आज एक नाका बंद पाडलात की पुढचा रस्ता महाग झालाच म्हणून समजा.

यमुनातीर:
वाहनं कमी आली तर फटका कंपनीला, म्हणून परतावा जास्त, हे मी समजू शकतो. पण या सूत्रात वाहनं कमी म्हणजे तूट मोठी आणि टोल आणखी जास्त वर्षं. मग जोखीम घेतली कुणी?

रंकाळा कट्टा:
कोल्हापूरला या राव, दिल्लीला कशाला जाताय? शहरातल्या शहरात खासगी कंपनीनं केलेले जवळपास पन्नास किलोमीटर रस्ते, २२० कोटी खर्च, आणि टोल तीस वर्षं! ऑक्टोबर २०१३ ला वसुली सुरू झाली. चौऱ्याऐंशी वर्षांचे एन. डी. पाटील सर आणि गोविंद पानसरे अण्णा, दोघं ज्येष्ठ नेते रस्त्यावर. जानेवारी २०१४ मध्ये नाके पेटले. जाळपोळ चुकीचीच, मी काय तिचं समर्थन करत नाही. पण काम किती झालं, गटारी-फुटपाथ पुरे झालेत का, याचं फेरमूल्यांकन झालं कधी? वसुली सुरू झाल्यावर! लगीन लागल्यावर पत्रिका बघायला बसल्यागत. शेवटी डिसेंबर २०१५ मध्ये टोल गेला.

खातेवही:
गेला, पण कंपनीचे पैसे सरकारनं चुकते केलेच ना? ते कुणाचे? चंद्रपूरच्या रिक्षावाल्याचेही. त्यानं रंकाळा फोटोतसुद्धा बघितला नसेल. टोलमध्ये निदान जो वापरतो तो भरतो.

रंकाळा कट्टा:
ते बी खरं हाय.

पार्लेकर:
मुंबई-पुणे द्रुतगतीचं कुणी बोलतच नाही. २००४ मध्ये रस्ते विकास महामंडळानं खासगी कंपनीकडून ९१८ कोटी घेऊन पंधरा वर्षांची वसुली दिली. २०२० मध्ये ८,२६२ कोटींना पुन्हा दिली, आता २०३० पर्यंत. दर तीन वर्षांनी १८ टक्के वाढ २००४ लाच ठरलेली. एप्रिल २०२३ मध्ये कारचे २७० चे ३२० झाले ते त्याच हिशेबानं. नाक्यावर गर्दी असो की शुकशुकाट, वाढ तेवढीच.

खातेवही:
आधीच ठरलेली वाढ हा गुणच आहे, निवडणूक बघून दर ठरत नाहीत. आणि ती रक्कम सरकारला आगाऊ मिळते, हे विसरू नका.

डांबरट:
(टोपणनाव धंद्यावरून आहे, स्वभावावरून नाही.) मी स्वतंत्र अभियंत्याच्या कार्यालयात होतो. रस्त्याचं नाव सांगणार नाही.

हा अभियंता म्हणजे सरकारचा डोळा. राष्ट्रीय महामार्गांच्या नमुना करारात त्याची फी महामार्ग प्राधिकरण देतं, पण तिचा अर्धा वाटा कंपनीकडून वसूल होतो. आमच्याकडे राहायची खोली आणि जीपही कंपनीचीच होती. किरकोळ कामं बाकी असली तरी त्यांची यादी जोडून तात्पुरता पूर्णत्वाचा दाखला देता येतो, आणि दाखला आला की टोल सुरू. यादीत 'किरकोळ' काय काय बसतं, ते आम्हाला विचारा. आमच्या यादीत एक अख्खा सेवा रस्ता होता.

वाहनांची मोजणी सांगतो. सात दिवस, रात्रंदिवस. टपरीच्या बाकावर तीन पोरं, हातात तक्ते: चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. तिसऱ्या रात्री दोनला मी गेलो तर तिघंही पोतं पांघरून झोपलेली. सकाळी तक्ते आले, ट्रकच्या रकान्यात दर तासाला ४१, ४२, ४१. खाली माझी सही आहे.

यमुनातीर:
डांबरटराव, हे लिहायला धाडस लागतं. पण आता राष्ट्रीय महामार्गांवर फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा आहे. प्रत्येक गाडी आपोआप नोंदली जाते. मग रोजची जमा नाक्याच्या फलकावर लावायला काय अडतं? कॅगला पंधरा वर्षांनी का पाठवायचं?

खातेवही:
लावा, माझी ना नाही. खरं तर नव्या करारपद्धतीत, म्हणजे हायब्रीड अ‍ॅन्युइटीत ही भानगड बरीच मिटते. ४० टक्के पैसा सरकार बांधकामातच देतं, उरलेला पुढे हप्त्यानं. टोल महामार्ग प्राधिकरणच गोळा करतं, त्यामुळे वाहनांच्या आकड्याशी कंपनीचा संबंध उरत नाही. पण फलक जुन्या पद्धतीच्या रस्त्यावर लागला आणि त्यावर वसुली कमी दिसली, तर तुम्ही मुकाट्यानं टोल भरणार का? की तेव्हा तो आकडाच खोटा ठरवणार?

यमुनातीर:
भरीन. फक्त त्या वर्षीची तूट खर्चात मिळवून तिच्यावर २० टक्के मागू नका.

खातेवही:
मग कर्ज मागायला माझ्या समितीपुढे तुम्हीच या.