सल्ला हवा: फाय्याचं 'थ्री-कॉर्नर्ड हॅट' (आन्सर्मे, डेक्का), एलपीची कुठली प्रत घ्यावी?

मंद्रसप्तक: नमस्कार मंडळी. मान्युएल दे फाय्याच्या या बॅलेचं डेक्का कंपनीचं, आन्सर्मे या संचालकाचं जिनिव्हातलं १९६१चं रेकॉर्डिंग स्ट्रीमिंगवर ऐकून वेड लागलंय. १९१९ला लंडनमध्ये पहिला प्रयोग झाला तेव्हाही वाद्यवृंद आन्सर्मेच्याच हाताखाली होता, पडदे-पोशाख पिकासोचे. आता १८० ग्रॅमची नवी एलपी घ्यायची आहे. बजेट ४,०००, त्यापुढे नाही. चांगली प्रत ओळखायची कशी?

जुनं_ते_सोनं: डेक्काची मूळ प्रत, क्रमांक एसएक्सएल २२९६च घ्या. माझ्याकडे आहे, लंडनहून आणलेली. सुरुवातीचे टिंपनी ढोल, टाळ्या, 'ओले'च्या आरोळ्या, अंगावर काटा येतो! अशी वस्तू रोज घेतो का आपण? बजेट वाढवा.

मंद्रसप्तक: दादा, बजेट वर लिहिलंय.

तबकडीवाला: मूळ नको, ४५ आरपीएमचा (मिनिटाला ४५ फेऱ्या) डबल सेट घ्या. ३३वर कडेला खोबण सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंमी सरकते, लेबलजवळ २१च. म्हणून बाजूच्या शेवटी मोठा आवाज आला की फाटतो. ४५वर तबकडी जास्त वेगात फिरते, तो त्रास कमी.

सांगलीकर: आन्सर्मेच हवा तर 'रॉयल बॅले गाला परफॉर्मन्सेस' घ्या की! १९५९, किंग्जवे हॉल. त्या हॉलच्या रेकॉर्डिंगांत खालून जाणाऱ्या भुयारी रेल्वेची घरघरही येते.

तबकडीवाला: घरघर ऐकायला पैसे घालायचे? विषय हॅटचा चाललाय.

वैतागलेला: बाहेरून मागवूच नका. माझी आली ती पापडासारखी वाकलेली, वर कस्टमचा भुर्दंड, विक्रेता मेलला उत्तर देईना. आणि वापरलेली तर मुळीच नको.

जुनं_ते_सोनं: म्हणूनच म्हणतो, मूळ घ्या.

रेवा: ग्रॅमच्या मागे लागू नका, जाडीने आवाज सुधारत नाही. कटिंग (खोबण कोरणं) मूळ मास्टर टेपवरून झालंय की डिजिटल फाइलवरून, ते आधी बघा. मग रेकॉर्ड लावून टोनआर्म (सुईचा दांडा) समोरून न्याहाळा. दर फेरीला डावी-उजवीकडे डुलत असेल तर भोक मध्यावर नाही, आणि बासून या फुंकवाद्याचा लांब सूर हेलकावे खाईल. कॅस्टनेट्सचा लाकडी टक-टक सुटा यायला हवा. गायिका बेर्गान्झा 'कासादीता' म्हणते तिथला 'स' टोचता कामा नये. दुसऱ्या भागात रात्री कुकूचं घड्याळ वाजतं, तिथे वाद्यवृंद अगदी हळू आहे. तबकडीची खरखर असेल तर तिथेच पकडता येते.

सांगलीकर: ताई, त्याच भागात दारावर थाप पडते तेव्हा फाय्याने बेथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीचे चार ठोके टाकलेत, तेही सांगा!

रेवा: हो, हॉर्नवर. पण त्यावरून तबकडीचं प्रेसिंग (छपाई) कसं आहे ते नाही कळत.

तबकडीवाला: ४५च घ्या. पुन्हा सांगतोय.

मंद्रसप्तक: घेतली. शहरातल्याच एका संग्राहकाकडून स्पीकर्स कॉर्नर या कंपनीने पुन्हा काढलेली १८० ग्रॅमची, वापरलेली, ३,५००ला. त्यांच्याच टर्नटेबलवर दोन्ही बाजू ऐकून घेतल्या. टोनआर्म स्थिर, 'स' स्वच्छ, कुकूपाशी एक बारीक टिकटिक आहे, तेवढी चालेल. रेवाताई, खूप आभार.

वैतागलेला: वापरलेली नको म्हटलं होतं. आधी नीट धुवून घ्या, नाहीतर सुई जाईल.

सांगलीकर: त्या संग्राहकांकडे रावेलचा बॅले 'डाफ्निस आणि क्लोए'पण आहे का? असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.