मदत हवी आहे: बागेतल्या कामगारांना सेफ्टी ट्रेनिंग द्यायचंय, नक्की काय आणि कसं शिकवू?

बागेतला_सुपरवायझर:
नमस्कार मंडळी, धागा चुकीच्या विभागात असेल तर हलवा. मी एका शहरात (नाव नको, नोकरी जाईल) उद्यानाच्या ठेक्यावर सुपरवायझर आहे. तीन बागा आणि एक छोटं मैदान, 22 माणसं, त्यात 15 बाया. निंदणी, झाडलोट, पाणी, गवत कापणी, फवारणी, कारंज्याची साफसफाई सगळं हीच माणसं करतात.

गेल्या महिन्यात पावसाने दोन दिवस उघडीप दिली, गवत गुडघाभर झालेलं, म्हणून एकाच वेळी दोन ग्रास कटर लावले. एका मशीनखालून खडा उडाला आणि आठ-दहा पावलांवर पालापाचोळा गोळा करणाऱ्या आमच्या एका मावशींच्या डोळ्याला लागला. डोळा वाचला, पण तीन आठवडे घरी होत्या आणि अजून उन्हात पाणी येतं. मशीन चालवणाऱ्याने गॉगल घातला होता, मावशींना कुणी दिलाच नव्हता कारण "त्या कुठे मशीन चालवतात". हे वाक्य माझंच आहे, म्हणून रात्री झोप लागत नाही.

आता वरून पत्र आलंय की पंधरा दिवसांत सुरक्षा प्रशिक्षण घ्या आणि फोटो पाठवा. ठेकेदार म्हणतो बॅनर लाव, चहा-वडापाव दे, सह्या-अंगठे घे, विषय संपव. मला खरंच काहीतरी शिकवायचंय. दोन तास मिळतील, निम्म्यांना वाचता येत नाही, आणि नेटवर जे सापडतं ते सगळं कारखान्यांचं आहे. बागेच्या कामाचं कुणाला माहीत असेल तर सांगा प्लीज.

हिरवी_काडी:
आधी तुमचं कौतुक, चूक कबूल करणारा सुपरवायझर मी तरी पहिल्यांदा बघतेय. पुढे वाचतेय.

निवृत्त_उद्यानवाला:
तीस वर्षं याच खात्यात काढली म्हणून हक्काने लिहितो. दोन तासांत सगळं शिकवायला जाऊ नकोस, काही राहणार नाही डोक्यात. तुझ्याकडे खडा उडालाय तर खड्यापासूनच सुरू कर. ब्रश कटरच्या (म्हणजे तुझ्या त्या गवत कापायच्या मशीनच्या) पुस्तकात बहुतेक कंपन्या 15 मीटरच्या आत दुसरं कुणी नको असं लिहितात, पण मीटर सांगून कुणाला कळत नाही, मैदानावर पंचवीस पावलं मोजून चुन्याची रेघ मारून दाखव. मग मशीनपासून दोन-तीन पावलांवर एक मोठा पुठ्ठा उभा कर, मशीनखाली थोडी खडी टाक, सगळ्यांना रेघेच्या बाहेर उभं कर आणि चालव अर्धा मिनिट. पुठ्ठ्याला पडलेले खळगे हाताने चाचपू देत. माझ्या माणसांना या एका पुठ्ठ्याने जे कळलं ते दहा भाषणांनी कळलं नव्हतं.

आणि मशीनचं गार्ड जागेवर आहे का बघ. पोरं गार्ड काढून टाकतात म्हणजे गवत कापणारा दोरा लांब सोडता येतो. त्याहून वाईट म्हणजे नायलॉनचा दोरा संपला की बाइंडिंग वायर लावतात. तिचा तुकडा सुटला तर गोळीसारखा जातो. वायर दिसली की मशीन बंद, तिथे दयामाया नको.

बागेतला_सुपरवायझर:
काका, आत्ता जाऊन बघितलं. एका मशीनला गार्ड नाही, दुसऱ्याला सायकलच्या ब्रेकची तार. हसावं की रडावं.

नेत्रा_ताई:
मी डोळ्यांच्या दवाखान्यात काम करते. डोळ्यात काही गेलं की पहिली गोष्ट चोळायचं नाही, पदराने तर अजिबात नाही. धूळ-माती असेल तर स्वच्छ पाण्याने धुवा, पण काही रुतलेलं दिसत असेल तर ते काढायचं नाही, पाणीही मारायचं नाही. कागदी कप वर ठेवून हलकी पट्टी लावायची, दाब न देता, आणि सरळ डोळ्यांच्या डॉक्टरकडे. मेडिकलमधून ड्रॉप आणून घालू नका, आमच्याकडे अर्धे पेशंट असेच चार दिवस वाया घालवून येतात. जाळीच्या फेस शील्डवर विसंबू नका, बारीक कचरा जाळीतून येतो, आत गॉगल हवाच.

सर्पमित्र_नाशिककर:
पालापाचोळा म्हटलं की मला घोणस दिसते. जून-जुलैत तिची पिल्लं होतात, वीतभर असतात पण विष पूर्ण असतं. ढिगात थेट हात घालायचा नाही, आधी दाताळ्याने किंवा काठीने हलवायचं. कुकरच्या शिट्टीसारखा आवाज आला की जागेवर थांबून सावकाश मागे. चावलाच तर कापणं, चोखणं, दोरी आवळून बांधणं, मांत्रिक, सगळं बंद. अंगठी-बांगड्या-जोडवी काढा कारण सूज येते, हातपाय हलू देऊ नका, पेशंटला चालवू नका, 108 लावा. साप मारून सोबत नेण्याच्या भानगडीत दुसरा माणूस चावून घेतो, हे मी स्वतः पाहिलंय. नाग, मण्यार, घोणस, फुरसं चारही सापांवर एकच लस चालते, त्यामुळे साप नेला नाही तरी उपचार थांबत नाहीत. मात्र ती लस तुमच्या जवळच्या कुठल्या सरकारी दवाखान्यात आहे हे आजच फोन करून विचारून ठेवा, चावल्यावर नाही.

खवचट_आजोबा:
बॅनरवर साहेबांचा फोटो मोठा छापा, साप घाबरून येणार नाहीत.

फवारणी_यवतमाळ:
आमच्या जिल्ह्यात 2017 मध्ये फवारणीने विषबाधा होऊन शेतकरी-मजूर दगावले ते सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे, त्यामुळे हसण्यावारी नेऊ नका. डब्यावर रंगीत त्रिकोण असतो, लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. वाचता येत नसेल तरी रंग कळतो, म्हणून हे नक्की शिकवा. आणि खरं सांगायचं तर बागेत लहान पोरं लोळतात तिथे लाल-पिवळं आणायचंच कशाला? नोझल अडकलं की तोंडाने फुंकायची सवय मोडा, जुना टूथब्रश द्या त्याला. वारा पाठीवर घेऊन फवारा, आणि बागेचं गेट बंद ठेवा तोवर. सगळ्यात मोठी गोची तंबाखूची. औषधाचा हात, तोच मळायला, तोच तोंडात. साबण आणि पाण्याची बादली पंपाच्या शेजारी ठेवा, लांब असली तर कुणी जात नाही.

मीटर_बॉक्स:
वायरमन आहे. कारंज्यात उतरायच्या आधी मेन बंद, नुसता स्टार्टर नाही, आणि फ्यूज काढून उतरणाऱ्याच्याच खिशात. 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लाइन आपोआप तोडणारा स्विच) बसवलीय का बघा, तिचं टेस्टचं बटण महिन्याला एकदा दाबा. पावसात दिव्याच्या खांबाला हात लावून उभं राहायचं नाही एवढं सांगा फक्त.

कॅनडातली_माळीण:
मी मूळची सांगलीची, इथे एका गावाच्या पार्क्स विभागात काम करते. आमच्याकडे दोन तासांचं ट्रेनिंग असतंच, पण खरा फरक पडतो तो रोज सकाळी गाडीपाशी उभं राहून पाच मिनिटं बोलण्याने. आज कुठे काम, आज काय लागू शकतं, काल काय होता होता वाचलं. बोलतो तो मुकादम नाही, कामगारच, आळीपाळीने. काल वाचलं ते सांगितल्यावर कुणी ओरडत नाही ही अट, नाहीतर दुसऱ्या दिवसापासून सगळे गप्प. आणि तुमच्या बायकांना हातमोजे पुरुषांच्या मापाचे देत असाल तर त्या काढूनच ठेवणार, इथे मलाही पहिल्या वर्षी तेच मिळाले होते.

कायदा_कट्टा:
कुणीच विचारलं नाही म्हणून मी विचारतो, मावशींचा खर्च कुणी केला? ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) आहे का?

बागेतला_सुपरवायझर:
खासगीत दाखवलं, बिल ठेकेदाराने रोख दिलं, सुट्टीचा पगार नाही दिला. पगारातून ईएसआय कापतात पण कार्ड कुणाच्या हातात नाही.

कायदा_कट्टा:
कापतात ना? पगार 21,000 पर्यंत असेल तर ते ईएसआयमध्ये येतात, कामगाराचा वाटा पाऊण टक्का, मालकाचा सव्वातीन. कामावरच्या अपघातासाठी अमुक महिने भरणा झालेला हवा अशी अट नाही, डॉक्टरने जेवढे दिवस कामाला अयोग्य लिहिलं तेवढ्या दिवसांचे साधारण 90 टक्के वेतन मिळू शकतं. ठेकेदाराने पैसे भरले नसतील तर मूळ मालक, म्हणजे काम देणारी संस्था, जबाबदार असते. तुम्ही स्वतः भांडू नका, मावशींना पगाराची स्लिप आणि दवाखान्याचे कागद घेऊन ईएसआयच्या शाखेत पाठवा, विमा नंबर तिथेच कळेल. आणि अपघाताची नोंद रजिस्टरमध्ये केली नसेल तर आज करा, खरी तारीख टाकून.

हिरवी_काडी:
एक राहिलं, गाजर गवत. आमच्या सोसायटीच्या माळीबुवांचे हात त्याने कोपरापर्यंत सोलले होते. फुलं यायच्या आधी उपटायचं आणि लांब बाह्या घालून. (ते देशात पसरतंय हे पहिल्यांदा लक्षात आलं ते पुण्यातच, 1950 च्या दशकात, अभिमान बाळगायचा की नाही ठरवा.)

बागेतला_सुपरवायझर:
अपडेट. काल झालं. बॅनर लावला, वडापाव दिला, फोटो काढला, ते सगळं पाच मिनिटांत उरकलं आणि मग मैदानावर गेलो. पुठ्ठ्याचा प्रयोग केला. खडी पुठ्ठ्यातून आरपार गेली, काका. सगळे गप्प. मग त्या मावशी आपणहून पुढे आल्या, पुठ्ठ्याच्या भोकात बोट घातलं आणि म्हणाल्या, "एवढं होतं व्हय." मला पुढचं बोलताच येईना, मग त्यांनीच बाकीच्या बायांना रेघ दाखवली.

साप आणि फवारणी केलं, कारंजं राहिलं, ते पुढच्या सोमवारी. सकाळची पाच मिनिटं आजपासून सुरू, आज एकीने सांगितलं की घसरगुंडीचा पत्रा खालून फाटलाय, दोन महिने तिला माहीत होतं पण विचारलं कुणी नव्हतं. दोरी बांधून बंद केली लगेच. ईएसआयचे कागद घेऊन मावशींचा मुलगा उद्या जाणार आहे.

आता अडचण अशी की गॉगलवर वाफ धरते म्हणून बाया कपाळावर चढवून ठेवतात, आणि गमबूट चार-पाच नंबरचे मिळतच नाहीत, दुकानदार सातच्या खाली बघत पण नाही.

नेत्रा_ताई:
बाजूला भोकं असलेले गॉगल मागा, वाफ कमी धरतात. आतून भांड्याच्या लिक्विड सोपचा एक थेंब पसरवून कोरड्या मऊ कपड्याने पुसा, अर्धा दिवस जातो. स्कार्फ नाकावरून बांधत असतील तर श्वास वर जातो, तो गॉगलच्या खाली घट्ट खोचायला सांगा.

निवृत्त_उद्यानवाला:
बुटांसाठी हार्डवेअरवाल्याकडे जाऊ नकोस, शाळेचे बूट विकणाऱ्याला विचार, मोठ्या पोरांचे गमबूट बाईच्या पायाला येतात. मात्र तळ जाड आहे का ते अंगठ्याने दाबून बघ, आणि एकदम पंधरा जोड घेऊ नकोस, आधी दोन घे आणि आठवडाभर घालून बघू देत.

बागेतला_सुपरवायझर:
उद्याच जातो. एक जोड त्या मावशींच्या मापाचा.