प्रवरेकाठच्या अकोल्यातून

शहर सोडून तालुक्याच्या गावात राहायला जावं का, या चर्चेत कुणीतरी म्हणलंय की तिथं शांतता सोडून काही नाही, ते पटलं नाही. मी नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या अकोल्यात राहतो, इथं ऊसतोड सुरू झाली की डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर रात्रभर टेप लावून जातात, शांतता कसली! खरा प्रश्न दवाखाना आणि एसटीचा आहे. वडिलांच्या छातीत रात्री दुखायला लागलं तर आधी संगमनेर आणि मग तिथून नाशिक, अख्खा रस्ता जीव मुठीत. पण गाडी शेजारच्या काकांनी काढली, विचारावं पण लागलं नाही, आणि सकाळी आईला चहा-डबा घेऊन गल्लीतल्या बायका हजर. हे शहरात मिळालं नसतं असं मला मनापासून वाटतं.

रेल्वे तालुक्यात नाहीच त्यामुळे राजूर, कोतूळकडची पोरंपोरी कॉलेजला एसटीनेच येतात, दारात लोंबकळत, आणि संध्याकाळची गाडी रद्द झाली की मुलींचे घरचे म्हणतात बास झालं शिक्षण. याचा फार राग येतो. गाड्या वाढवा म्हणून निवेदनं देऊन झालीत, परत देणार आहोत.

तुम्ही शिफ्ट व्हायचा विचार करत असाल तर उन्हाळ्यात आमच्या तालुक्यातलं भंडारदरा धरण बघून ठरवू नका, जुलैत येऊन राहा, लाइट जाते तेव्हा.