सभा सुरू होण्याआधीच ती थांबवायचा अधिकार पोलिसांना असावा का?

वाटसरू: 30 जुलै 1934. लंडनच्या डेप्टफर्ड भागात बेकारांच्या प्रशिक्षण केंद्रासमोर जेमतेम तीसेक माणसं. कॅथरीन डंकन भाषणासाठी पेटीवर चढणार, तेवढ्यात इन्स्पेक्टर जोन्स म्हणाले, इथे नको, पलीकडच्या रस्त्यावर घ्या. कारण? आदल्या वर्षी त्यांच्या सभेनंतर केंद्रात गडबड झाली होती. त्या हटल्या नाहीत. ‘कर्तव्यात अडथळा’ म्हणून 40 शिलिंग दंड. अपीलही फेटाळलं गेलं. सभेचा विषयच भाषणस्वातंत्र्य होता, आणि वक्त्यांत होते रोनाल्ड किड. 1932च्या बेकारांच्या भूकमोर्चावर पोलिसांनी जे केलं ते पाहून त्यांनी 1934 मध्ये नागरी स्वातंत्र्य परिषद उभारली होती. मला हा निकाल घातक वाटतो. जुन्या गडबडीवर आजची सभा बंद होत असेल, तर सभा घ्यायची की नाही हे इन्स्पेक्टरच ठरवणार.

रामप्रहर: असहमत. डोकी फुटेपर्यंत पोलिसांनी बघत बसायचं? 4 ऑक्टोबर 1936 ला ब्रिटिश फॅसिस्टांचा नेता मोस्ले याचे लोक लंडनच्या ईस्ट एंड भागातल्या ज्यू वस्तीतून मोर्चा नेणार होते. केबल स्ट्रीटवर लोकांनी अडथळे रचले, शेवटी पोलीस आयुक्त फिलिप गेम यांनी मोर्चा परत फिरवला. तुमच्या नियमाने तोही अधिकार जातो.

वाटसरू: नाही जात. तिथे हजारो लोक समोरासमोर होते, धोका डोळ्यांना दिसत होता. डेप्टफर्डला काय दिसत होतं?

रामप्रहर: म्हणूनच 1936चा सार्वजनिक सुव्यवस्था कायदा चांगला. राजकीय गणवेशांवर बंदी आली, आणि लंडनमध्ये मोर्चाबंदीला गृहमंत्र्यांची संमती लागू लागली. मोर्चाबंदी एकट्या इन्स्पेक्टरच्या हाती राहिली नाही.

वाटसरू: गृहमंत्री कोण? सर जॉन सायमन, ज्यांना आपण ‘परत जा’ म्हणून काळे झेंडे दाखवले तेच! आणि 1937च्या जूनमध्ये ईस्ट एंडात बंदी आली ती सगळ्याच राजकीय मिरवणुकांवर. मोस्ले ऑक्टोबरात नदीपलीकडे बर्मंडसीला गेला. ईस्ट एंडातल्या कामगारांना मात्र स्वतःच्या रस्त्यावरून मोर्चा काढता येईना.

गिरणगावकर: सायमनवर थांबू नका. 1936 मध्ये नेहरूंच्या पुढाकाराने इंडियन सिव्हिल लिबर्टीज युनियन मुंबईत स्थापन झाली. 7 नोव्हेंबर 1938 ला संपांवर बंधनं घालणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध कामगारांनी संप केला, आंबेडकरांचा पक्षही त्यात होता. गोळीबार झाला तेव्हा मुंबई प्रांतात सरकार काँग्रेसचं होतं, गृहमंत्री मुन्शी.

रामप्रहर: हे खटकतं, मान्य. तरीही 1937च्या बंदीनंतर मोस्लेला ईस्ट एंडात मोर्चा काढता आला नाही, आणि त्या ज्यू वस्तीतली माणसं निवांत झोपली असतील. ते मी सोडणार नाही.