पहिलीत न घालता घरीच शिकवायचंय. लेकरांची तयारी कुठून करावी?

वावरातली
आमचं गाव वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीपासून आत. लेक साडेचार वर्षांची, मुलगा तीनचा. दोघांनाही शाळेत न घालता घरीच शिकवायचं असं आम्ही नवरा-बायकोनं ठरवलंय. आधी माझं मत सांगते, मग हाणा.

घरी शिकवायचं म्हटलं की लोक आधी टेबल, तक्ते, पुस्तकं आणतात. मला ते उलटं वाटतं. आधी लेकराला एका जागी मन लावून बसता आलं पाहिजे, स्वतःचं स्वतः करता आलं पाहिजे, आणि हाताला वळण पाहिजे. लेक सध्या माझ्याजवळ बसून तूर निवडते. खडा इकडे, काडी तिकडे, किडका दाणा चिमटीत धरून बाहेर. ही चिमूट पक्की झाली की पेन्सिल धरायला त्रास होत नाही. रात्री मी तीच ती गोष्ट सांगते आणि मध्येच थांबते, पुढचा शब्द तिनं भरायचा. अक्षरं सहाव्या वर्षी काढू. २०२० चं शैक्षणिक धोरणही ३ ते ८ वयाचा एकच पायाभूत टप्पा धरतं, तोही खेळातून शिकायचा. मग साडेचारला बाराखडीची घाई कोणाला?

खडू-फळा
ताई, जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवतो. तूर निवडण्याला माझा विरोध नाही, आमच्या पहिलीतल्या अर्ध्या पोरांना चिमूटच धरता येत नाही. पण शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाला लागू आहे, आणि त्याच्या कलम १० नुसार पाल्याला जवळच्या शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य. न घातल्यास शिक्षा सांगितलेली नाही, हेही खरं.

मला खरी चिंता पटाची. २० च्या खाली पट गेला की शाळा टिकते का, याची चर्चा सुरू होते. गावातल्या शिकलेल्या घरांनी लेकरं काढली तर उरतात ज्यांच्या आया सकाळीच निंदायला जातात त्यांची. शाळा गेली तर त्यांनी कुठं जायचं?

वावरातली
गुरुजी, मान ठेवून सांगते, पट सांभाळणं माझ्या पोरीचं काम नाही. पट का घसरला ते आधी बघा. सकाळी कॉन्व्हेंटच्या गाड्या गावातून लेकरं भरून नेतात, तेव्हा कोणी काही बोलत नाही.

पऱ्हाटीवाला
वैनी, मले एकच सांगा. दिवाळी झाली का कापूस वेचाले सुरुवात. तुमी वावरात, भाऊ वावरात, लेकरं धुऱ्यावर. मंग शिकवते कोन? मोबाईल? आमच्या इकडं असंच झालं एका घरी. पोट्टा सारा दिवस कार्टून पाहे, अन् बाप सांगे का घरी शिकवतो म्हनून.

पवनारकडची
तुम्ही म्हणाला नाहीत, पण पुढचं कोणीतरी गांधीजींच्या नई तालीमचा दाखला देईलच, म्हणून आधीच लिहिते. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद झाली आणि हातातल्या कामातून शिक्षण हा विचार तिथं मांडला गेला. तुमची तूर त्याच वाटेवरची. पण सेवाग्रामला ती शाळाच होती. वेगवेगळ्या घरची लेकरं एकत्र कातायची, झाडायची, एकत्र जेवायची. तुमची लेक सुपासमोर एकटीच आहे. तुमच्या अंगणात खेळायला कोणाकोणाची लेकरं येतात आणि कोणाची येत नाहीत, हे गावात राहून मी सांगायला नको. शाळेतली खिचडी तरी एका रांगेत बसून खावी लागते.

वावरातली
हे लागलं. अंगणवाडीत ती जातेच, ते बंद करणार नाही. सहाव्या वर्षानंतर काय, त्याचं उत्तर आज माझ्याकडे नाही.

वेचणीचं मात्र आहे. घरी शिकवायचं तर जून ते एप्रिलच कशाला धरायचं? आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या आसपास जातो. दुपारी अकरा ते पाच माणूस बाहेर पडत नाही आणि वावरात कामही कमी. आमचा बैठा अभ्यास तेव्हा. वेचणीच्या दिवसांत फक्त तोंडी हिशेब: बोंडं मोजणं, गाठोडं उचलून कोणतं जड ते सांगणं.

खडू-फळा
वेळापत्रक पटलं, बाकी मत कायम आहे. तरी दोन कामाच्या गोष्टी. जन्मदाखला आणि आधार आत्ताच नीट करून ठेवा, नावाचं स्पेलिंग दोन्हीकडे एकच हवं. पुढं शाळेत घालावंसं वाटलं तर वयानुसार वर्गात घ्यावंच लागतं, पहिलीपासून बसवत नाहीत. नाहीच घातलं तर राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाकडून पाचवी, आठवी, दहावीची परीक्षा देता येते.

पऱ्हाटीवाला
उन्हाळ्यात अभ्यास म्हनता, पन पोट्टे मामाच्या गावाले जाईन म्हनतीन त्याचं काय? अन् दुपारची लाईन गेली का कूलर बंद, मंग तर तुमालेच झोप लागते वैनी.